जुना कॅमेरा कुठे थकतो

डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याचं) बटण दाबलं की कानावर एकच 'खट्याक' येतो, पण तेवढ्यात आत बरंच काही घडून गेलेलं असतं. आरसा वर उचलला जातो. त्याच्या पाठीमागचा छोटा आरसा, जो फोकसच्या सेन्सरकडे प्रकाश खाली पाठवतो, तो दुमडतो. लेन्समधलं अपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटतं. शटरचा पहिला पडदा सरकतो, सेन्सर उघडा पडतो, दुसरा पडदा येऊन तो झाकतो. मग आरसा खाली येतो, अपर्चर पुन्हा पूर्ण उघडतं आणि एक छोटी मोटर पुढच्या फोटोसाठी सगळ्या स्प्रिंगा ताणून ठेवते.

जुना कॅमेरा थकतो तो इथे. सेन्सर सहसा थकत नाही. २००५ साली सेन्सरने जसे रंग दिले तसेच तो आजही देतो. फार तर दोन-चार पिक्सेल जळालेले असतात. प्रोसेसरची चिपही आपलं काम करत राहते. झिजतात त्या स्प्रिंगा, मोटरचे ब्रश, गिअरचे दात. सुटतो तो गोंद. घट्ट होतं ते ग्रीस, चिकट होतं ते रबर आणि फोम. त्यामुळे सेकंडहँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेताना मेगापिक्सेलच्या तक्त्यापेक्षा या हलणाऱ्या भागांकडे लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. तक्ता घरबसल्या वाचता येतो. एका विशिष्ट बॉडीची अवस्था मात्र ती हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

कोणत्या काळातली बॉडी घ्यावी, हा प्रश्न पहिला येतो. ढोबळमानाने २००३ ते २००७ हा एक टप्पा: सहा ते दहा-बारा मेगापिक्सेल, निकॉन आणि पेंटॅक्समध्ये बहुतेक सीसीडी सेन्सर, कॅननमध्ये सीमॉस (हे सेन्सरचे दोन प्रकार). पाठीमागचा स्क्रीन इतका छोटा की निकॉन डी७० च्या १.८ इंची स्क्रीनवर फोकस बसला की नाही हे सांगता येत नाही. २००७-०८ मध्ये मोठा बदल झाला. निकॉन डी३ आणि डी३०० ला तीन इंची, ९,२०,००० डॉटचा स्क्रीन आला, लाइव्ह व्ह्यू (पाठीमागच्या स्क्रीनवर थेट दृश्य) सर्रास झाला, आणि लेन्सनिहाय फोकसची बारीक जुळवणी मेन्यूतून करता येऊ लागली. २००८ च्या डी९० ने डीएसएलआरमध्ये व्हिडिओ आणला. रोज फोटो काढायचे असतील तर २००८ ते २०१२ दरम्यानची बॉडी घ्यावी असं मी सांगेन. त्याआधीच्या बॉडी कमी आयएसओला (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) अतिशय सुंदर काम करतात, पण त्यांच्या मर्यादा ओळखून त्या वापराव्या लागतात.

सहा मेगापिक्सेल म्हणजे नक्की किती, हे एकदा मोजून पाहावं. डी७० ची फाइल ३००८ × २००० पिक्सेलची. इंचाला २४० पिक्सेल या हिशोबाने साडेबारा बाय सव्वाआठ इंचांची छपाई होते, म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा नेहमीचा फोटो. २००५ च्या कॅनन ५डी ची फाइल ४३६८ × २९१२ ची, त्याच हिशोबाने अठरा बाय बारा इंच. छपाईच करायची नसेल तर दोन्ही कॅमेऱ्यांना गरजेपेक्षा जास्त पिक्सेल आहेत.

आता शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा. विकणारा हा आकडा आधी सांगतो आणि घेणारा आधी विचारतो, पण त्याचा अर्थ बहुतेकांना चुकीचा लागलेला असतो. कंपन्या शटरच्या आयुष्याचा आकडा देतात: डी९० आणि कॅनन ४०डी ला १,००,०००, डी३०० आणि डी७०० ला १,५०,०००, डी३ ला ३,००,०००. इतक्या क्लिक कंपनीने चाचणीत धरलेल्या असतात. त्या पार झाल्या म्हणून शटर त्या दिवशी बंद पडत नाही, आणि कमी असल्या म्हणून ते सुरक्षितही नसतं. चाळीस हजार क्लिकची, पण आठ वर्षं दमट कपाटात पडून राहिलेली बॉडी मला नव्वद हजार क्लिकच्या, नियमित वापरातल्या बॉडीपेक्षा जास्त शंकास्पद वाटते. न वापरलेल्या यंत्रात ग्रीस जागच्या जागी घट्ट होतं आणि संपर्कबिंदूंवर थर चढतो.

निकॉन आणि पेंटॅक्स हा आकडा प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत (फाइलमध्येच साठवलेल्या कॅमेऱ्याच्या नोंदीत) लिहितात. एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने तो वाचता येतो. मात्र कॅमेऱ्यातून थेट निघालेली मूळ फाइल हवी. मेसेजमधून पाठवलेल्या किंवा संपादित केलेल्या फोटोतून ही माहिती गळून गेलेली असते. कॅनन मात्र आकडा फोटोत लिहीत नाही. यूएसबीने जोडून काही मॉडेलमध्ये तो काढता येतो, काही जुन्या बॉडींत तेही जमत नाही. फाइलच्या नावातल्या क्रमांकावरून अंदाज बांधू नये, कारण ९९९९ नंतर मोजणी पुन्हा सुरुवातीला येते आणि क्रमांक हवा तेव्हा मागेही नेता येतो. त्याऐवजी बॉडीवरच्या खुणा वाचाव्यात. हॉट शूचा (वर फ्लॅश बसवायच्या खाचेचा) रंग उडालेला, माउंटच्या (लेन्स बसते त्या कडीच्या) कडेची चकाकी घासलेली, ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती गोल चरे, अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत, आणि काउंट म्हणे आठ हजार! अशा वेळी शटर बदललेलं आहे का, हे सरळ विचारावं. बदललेलं असेल तर ती बॉडी घ्यायला उलट चांगली.

बॉडी हातात आली की क्रम ठरलेला असावा. आधी बॅटरी काढून तिच्या कप्प्यात पाहा: हिरवट-पांढरट थर दिसला तर ओल आत गेली आहे. कार्डाचं दार उघडा. कॉम्पॅक्टफ्लॅशचा खाचा असेल तर टॉर्च मारून आतल्या पन्नास पिना मोजण्याइतक्या बारकाईने पाहा. कार्ड तिरकं घातल्याने एखादी पिन वाकते, आणि तशाच अवस्थेत पुन्हा कार्ड रेटलं तर ती मोडते. थोडी वाकलेली पिन बारीक, अरुंद चिमट्याने हळूच सरळ करता येते. मोडलेली असेल तर अख्खा कनेक्टर बदलावा लागतो. तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो, त्यामुळे हे काम घरचं नाही.

मग लेन्स काढा. माउंट खाली झुकवून टॉर्चने आरसा पाहा. त्याच्या काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरच लेप असतो, त्यामुळे तिथे बोटाचा ठसा किंवा पुसल्याचे ओरखडे असतील तर आधीच्या मालकाने कुठे हात घातला हे कळतं. ओरखड्यांनी फोटो बिघडत नाही, कारण फोटो घेताना आरसा बाजूला असतो. पण फोकसचा प्रकाश त्याच आरशातून जातो. आरसा वर आदळतो त्या जागी फोमची पट्टी असते. नखाच्या टोकाने हलकेच दाबून पाहा. चिकट लागली, काळं बोटाला आलं, तर फोम विरघळू लागला आहे आणि त्याचे कण आज ना उद्या फोकसिंग स्क्रीनवर (व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य उमटतं त्या पडद्यावर) पडणार. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ मात्र मनावर घेऊ नये. ती फोटोत उमटत नाही, आणि ती काढण्याच्या नादात फोकसिंग स्क्रीनच्या मऊ प्लॅस्टिकवर कायमचे चरे पडतात.

शटरची परीक्षा दिवसाउजेडात घ्यावी, ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली नाही. त्यांच्या लुकलुकण्याने फोटोत पट्टे येतात आणि निरोगी शटरवर आळ येतो. मोकळ्या आकाशाकडे किंवा एकसारख्या उजेडाच्या भिंतीकडे कॅमेरा धरून १/२५०, १/१०००, १/४००० आणि असेल तर १/८००० वर, अपर्चर आणि आयएसओ जुळवून, प्रत्येकी तीन-चार फोटो घ्या. सिंक स्पीडच्या (फ्लॅश जुळतो त्या सर्वात जलद वेगाच्या) वर दुसरा पडदा पहिला पूर्ण उघडण्याआधीच निघालेला असतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकते. दोन पडद्यांच्या वेगात थोडा जरी फरक पडला तरी ती फट एका टोकाला अरुंद होते आणि फोटोची एक बाजू काळवंडते. १/२५० ला स्वच्छ आणि १/४००० ला वर-खाली उजेडाचा फरक, हे थकलेल्या शटरचं पक्कं लक्षण. फोटोत काळी आडवी पट्टी आली तर एखादं पातं तेलाने चिकटत असेल किंवा वाकलं असेल.

लेन्सच्या अपर्चरची परीक्षा वेगळी. एफ/४, एफ/८, एफ/१६ (आकडा मोठा तितकं भोक लहान) असे फोटो घ्या, शटरचा वेग प्रत्येक वेळी त्या प्रमाणात कमी करा. तिन्ही सारखेच उजळ आले पाहिजेत. एफ/१६ चा जास्त उजळ आला तर अपर्चरची पाती तेलकट होऊन हळू मिटत आहेत.

काही मॉडेलचे आजार माहितीचे आहेत आणि ते माहीत असणं हे अर्ध्या दुरुस्तीइतकं मोलाचं. कॅनन ५डी च्या पहिल्या आवृत्तीत आरसा चिकटवणारा गोंद कालांतराने सुटतो आणि आरसा एके दिवशी लेन्सच्या मागे आत पडतो. कॅननने ही उणीव मान्य करून आरसा पक्का करण्याची दुरुस्ती मोफत दिली होती, त्यामुळे ती दुरुस्ती झाली आहे का हे विचारावं. निकॉन डी६०० (२०१२) मध्ये शटरमधून तेलाचे आणि धुळीचे ठिपके सेन्सरवर उडायचे, बहुधा फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. पुढच्याच वर्षी डी६१० आला आणि निकॉनने डी६०० ची शटरं मोफत बदलून दिली. शटर बदललेला डी६०० आजही उत्तम कॅमेरा आहे. डी७० च्या काही बॉडींत कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि बाकी काहीच होत नाही. ही बोर्डाची बाब आहे, तिच्या वाटेला जाऊ नये.

पेंटॅक्स के-३०, के-५० आणि त्यांच्या काही भावंडांचा आजार जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण तो फार लोकांना हैराण करतो आणि घरी बरा होतो. लक्षण असं: कॅमेरा दोन-चार दिवस पडून राहिला की पहिले काही फोटो जवळजवळ काळे येतात, मग हळूहळू सुधारतात, काही महिन्यांनी सुधारणंही थांबतं. मालकाला वाटतं शटर गेलं. पण दोष असतो अपर्चर अडवणाऱ्या सोलेनॉइडमध्ये. नालेच्या आकाराचं लोखंड, त्याला चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि समोर एक छोटी हलणारी पट्टी, एवढंच ते यंत्र. एरवी चुंबक पट्टीला धरून ठेवतं. अपर्चरचा दांडा खाली सरकत असताना योग्य क्षणी वेटोळ्यात विजेचा झटका येतो, तो चुंबकाची पकड मोडतो, पट्टी सुटते आणि दांड्याला एफ/५.६ म्हटलं तर एफ/५.६ वर अडवते. चुंबकाची पकड गरजेपेक्षा घट्ट झाली की झटका पुरत नाही. पट्टी सुटतच नाही, दांडा शेवटापर्यंत जातो, आणि एफ/५.६ मागितलेला फोटो एफ/२२ वर निघतो. म्हणून काळा.

उपाय दोन. पहिला, सोलेनॉइडच बदलणं: जुन्या पेंटॅक्स बॉडींमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचा जो सोलेनॉइड असतो तो जास्त भरवशाचा, के-३०, के-५० मधल्या हिरव्या सोलेनॉइडच्या जागी तो बसवतात. दोनच तारा असतात, पण जुन्या सोल्डरला थोडं फ्लक्स लावून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने, दोन-तीन सेकंदांत काम उरकावं. जास्त वेळ उष्णता दिली तर फ्लेक्सची (लवचिक सर्किटची) पट्टी सुटून येते. दुसरा उपाय, आहे तोच सोलेनॉइड बाहेर काढून, लोखंडाची जी टोकं पट्टीला टेकतात ती अतिशय बारीक पॉलिश पेपरवर किंचित घासणं. संपर्काचं क्षेत्र कमी झालं की पकड कमी होते. इथे घाई नडते: जास्त घासलं तर पट्टी चुंबकाला धरूनच राहत नाही. घासल्यावर लोखंडाचा बारीक कीस सोलेनॉइडला चिकटून राहतो, तो टेपने टिपून काढल्याशिवाय परत बसवू नये. दुरुस्ती करायचीच नसेल तर अपर्चरची कडी असलेली जुनी के-माउंट लेन्स लावावी. कडी 'ए' सोडून कोणत्याही आकड्यावर ठेवली की अपर्चर कडीच्या आकड्यापर्यंतच मिटतं आणि सोलेनॉइडचा प्रश्नच उरत नाही. मेन्यूत अपर्चर कडी वापरायची परवानगी देऊन, मॅन्युअल मोडमध्ये कॅमेरा मजेत चालतो.

जुन्या कॅननवर 'एरर ९९' दिसला की लोक बॉडी मोडीत काढतात, तेही घाईचं आहे. हा संदेश पंचवीस कारणांनी येतो. बॅटरी काढा, घड्याळाची छोटी बॅटरीही काढा, दहा मिनिटं थांबा. लेन्सचे आणि माउंटचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या कापसाने पुसा. खोडरबर वापरू नये. त्याची भुकटी आत पडते आणि सोन्याचा थरही झिजतो. मग लेन्स पूर्ण काढून क्लिक करा. लेन्सशिवाय शटर नीट चाललं तर दोष लेन्सचा. ती परत लावून अपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक फोटो घ्या, मग एफ/८ वर एक. उघड्यावर ठीक आणि एफ/८ वर एरर, तर लेन्समधल्या अपर्चरची फ्लेक्स केबल तुटली आहे. कॅननच्या ईएफ-एस १७-८५ लेन्सचा हा सर्वपरिचित आजार. झूम करताना ती केबल हजारो वेळा दुमडते आणि शेवटी भेगाळते. केबल वेगळी मिळते, पण लेन्स बरीच उघडावी लागते. लेन्सशिवायही एरर आला तर शटर किंवा मोटरकडे वळावं.

बॅटरी आणि कार्ड या दोन गोष्टींवर घासाघीस करण्यापेक्षा आधी सुसंगती पाहावी. निकॉनची ईएन-ईएल३ई ही बॅटरी डी८०, डी९०, डी२००, डी३००, डी७०० ला चालते आणि डी७० लाही. पण आधीची ईएन-ईएल३ डी२०० ला चालत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी कप्प्यात अडकली असेल तर धातूच्या वस्तूने उचकटू नये. तिला भोक पडलं तर आग लागते. पेनाच्या आकाराच्या चार सेलवर चालणाऱ्या पेंटॅक्स के-एक्ससारख्या बॉडींना अल्कलाइन सेल मानवत नाहीत. मोटर चालली की त्यांचं व्होल्टेज झटकन उतरतं आणि कॅमेरा बॅटरी संपल्याचं सांगतो. पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घातले की तोच कॅमेरा शेकडो फोटो काढतो. दर वेळी तारीख विचारणाऱ्या कॅनन २०डी किंवा ५डी ला फक्त एक सीआर२०१६ सेल हवा असतो.

एसडी कार्डात २ जीबीपर्यंतची साधी आणि ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी असा फरक आहे. एसडीएचसी २००६ मध्ये आलं. निकॉन डी५० सारख्या त्याआधीच्या बॉडी ते ओळखतच नाहीत, त्यांना जुनं २ जीबी कार्डच लागतं. कॉम्पॅक्टफ्लॅशऐवजी एसडी कार्ड बसवणारे अडॅप्टर मिळतात, पण ते बहुधा ५ मिमी जाडीचे, टाइप-२ असतात. डी७०० च्या ३.३ मिमी खाचेत ते शिरत नाहीत.

सेन्सरची सफाई हे प्रत्येकाला यावं असं काम. आधी धूळ दिसली पाहिजे. एफ/२२, कमीत कमी आयएसओ, फोकस मॅन्युअल करून अनंतावर, आणि समोर जवळच पांढरा कागद किंवा कोरा स्क्रीन. शटर अर्ध्या-एक सेकंदाचं ठेवून त्या वेळात कॅमेरा थोडा हलवा. कागदाचे डाग पुसट होतील. जे टोकदार राहतील ते सेन्सरवरचे. संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून त्यांच्या जागा टिपून घ्या. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे समोरून पाहताना फोटोतला वरचा डावा डाग सेन्सरच्या खालच्या डाव्या बाजूला असतो.

बॅटरी पूर्ण चार्ज करून मेन्यूतल्या सफाईच्या पर्यायानेच आरसा वर करा. बल्ब मोडवर हे करू नये. मध्येच बॅटरी गेली तर पडदे स्वॅबवर (सफाईच्या कापडी टोकाच्या पट्टीवर) येऊन आदळतात आणि शटर जातं. माउंट जमिनीकडे धरून रबरी ब्लोअरने आठ-दहा वेळा हवा मारा, नळी आत न घालता. डब्यातली दाबाची हवा नको. तिच्यातून थंड द्रव उडतो आणि डाग पाडतो. बहुतेक वेळा काम इथेच संपतं. ठिपके गोल, कडेला कंगोरा असलेले आणि हवेने न हलणारे असतील तर ते तेलाचे. तेव्हा ओला स्वॅब लागतो: एपीएस-सी ला (लहान सेन्सर) १६ मिमी, फुल फ्रेमला (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) २४ मिमी रुंदीचा. त्याच्या कडेवर सेन्सरसाठीच्या द्रवाचे दोन थेंब टाकून दहा सेकंद मुरू द्या. एका टोकाला टेकवून, हलका आणि सलग दाब ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओढीने न्या, तिथे स्वॅब पालटून दुसऱ्या बाजूने परत आणा. झालं, तो स्वॅब टाकून द्यावा, कारण दुसऱ्या फेरीला तो उचललेलंच तेल परत पसरवतो. जास्त द्रव घेतला की कडांना वाळल्याच्या रेषा उमटतात. आपण प्रत्यक्षात सेन्सरला नाही तर त्यावरच्या फिल्टरच्या काचेला हात लावत असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही.

बॉडी उघडायची असेल तर मात्र एका गोष्टीला घाबरावंच. वर उघडणारा फ्लॅश असलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात मोठा कपॅसिटर असतो आणि तो सुमारे ३०० व्होल्टवर भारलेला असतो. बॅटरी काढून आठवडा झाला तरी त्यात भार शिल्लक असू शकतो. आवरण निघालं की आधी मीटरने त्याची टोकं मोजा आणि २ किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी काही सेकंद लावून तो रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं जोडण्याचा प्रकार करू नका; ठिणगीने बोर्ड जळतो.

जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस प्रकारचे असतात. साधा फिलिप्स त्यांत पूर्ण बसत नाही आणि डोकी गोल करून ठेवतो, म्हणून ०० आणि ० क्रमांकाचे जेआयएस ड्रायव्हर घ्यावेत. स्क्रूंची लांबी जागोजागी वेगळी असते. कागदावर बॉडीची आकृती काढून, दुहेरी टेप लावून, प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत जावं. आखूड जागेत लांब स्क्रू गेला तर तो खालच्या फ्लेक्सला भोक पाडतो, आणि तेव्हा मूळ बिघाडापेक्षा मोठा बिघाड तयार होतो. माउंटची कडी काढली तर तिच्याखालच्या कागदाइतक्या पातळ चकत्या सांभाळाव्यात. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर त्यांच्यावर ठरतं: निकॉनला ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४ मिमी. सेन्सरला धरणारे तीन स्क्रू शक्यतो हलवूच नयेत. हलवावे लागलेच तर प्रत्येकाचे किती आटे सुटले ते मोजून लिहावं, नाहीतर सेन्सर तिरका बसतो आणि फोटोची एक बाजू कायम मऊ येते.

रबरी पकड फुगून सैल होणं हे निकॉनच्या जुन्या बॉडींत नेहमीचं. हेअर ड्रायरने हलकं गरम करून रबर सोलावं, जुना गोंद अल्कोहोलने काढावा आणि पातळ दुहेरी टेपने परत बसवावं. झटपट चिकटणारा सुपरग्लू इथे नको. त्याची वाफ काचांवर पांढरा थर धरते. चाक फिरवल्यावर आकडा उलटसुलट उड्या मारत असेल तर ते मोडलेलं नसून मळलेलं असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब ब्रशवर घेऊन चाकाच्या फटीत सोडावा आणि चाक तीस-चाळीस वेळा दोन्हीकडे फिरवावं. स्प्रे थेट मारला तर तो वाहत जाऊन प्रिझमपर्यंत पोहोचतो.

फोकस पुढे-मागे जात असेल तर आधी दोष कुणाचा ते ठरवावं. ट्रायपॉडवर, अपर्चर पूर्ण उघडं, दर फोटोआधी फोकस हाताने बिघडवून दहा फोटो नेहमीच्या पद्धतीने आणि दहा लाइव्ह व्ह्यूने घ्या. एकाच लेन्सला फरक पडला तर लेन्स, सगळ्यांना एकाच दिशेने पडला तर बॉडी. बारीक जुळवणीची सोय असलेल्या बॉडींत प्रश्न मेन्यूतच सुटतो. त्याआधीच्या बॉडींत छोट्या आरशाचा कोन ठरवणारी एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेली) पिन असते. ती पाव वळशापेक्षा खूप कमी फिरवून पुन्हा चाचणी घ्यायची. तिच्याजवळच मोठ्या आरशाची पिन असते आणि ती चुकून फिरली तर व्ह्यूफाइंडर आणि फोटो यांचं गणित बिघडतं, म्हणून आधी दोन्हींच्या मूळ जागेचा फोटो काढून ठेवावा.

वापरताना जुन्या सीसीडीशी जरा समजुतीने वागावं. ढगांचा उजेड एकदा जळाला की परत येत नाही, म्हणून एक्स्पोजर तिसऱ्या हिश्श्याने कमी ठेवून रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढावं. आयएसओ ८०० च्या वर फारसं जाऊ नये. डी७०० सारख्या बॉडीला हे बंधन नाही, ती ६४०० पर्यंत निवांत चालते. डी७० आणि डी४० चा एक गुण मात्र आजच्या अनेक कॅमेऱ्यांत नाही: जलद वेगांना सेन्सर स्वतःच प्रकाश घेणं थांबवतो, त्यामुळे फ्लॅश १/५०० ला जुळतो. भर उन्हात फ्लॅश वापरणाऱ्याला याची किंमत कळते. एक खबरदारी: फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशच्या पायाशी दोनशेपेक्षा जास्त व्होल्ट असतात. हॉट शूवर चढवण्याआधी मीटरने मोजावेत.

ज्या मॉडेलवर जीव जडला असेल त्याची एक बंद पडलेली बॉडीही घेऊन ठेवावी. बोर्ड गेलेल्या बॉडीतलं शटर, मोटर, दारं, रबरं, चाकं सगळं उपयोगी असतं. शटर गेलेल्या बॉडीतून स्क्रीन आणि बोर्ड मिळतो. पाण्यात पडलेली मात्र घेऊ नये, तिच्यातला प्रत्येक कनेक्टर संशयास्पद असतो. सुटे भाग काढून डब्यात भरण्यापेक्षा बॉडी अखंडच ठेवलेली बरी: कपॅसिटर रिकामा, बॅटरी बाहेर, माउंटला झाकण, आणि सोबत सिलिका जेलची पुडी. स्क्रू आपापल्या जागी राहतात, आणि चालू बॉडी उघडण्याआधी हात बसवायला तीच पहिल्यांदा उघडता येते.